सत्काराचा टॉवेल

कारखान्यात मला तोंडावर 'म्याडम' म्हणतात आणि पाठ वळली की 'टॉवेलबाई'. हे मला रुजू झाल्यापासून माहीत आहे. आमच्याकडची माणसं पाठीमागं बोलतानासुद्धा आवाज खाली करत नाहीत, त्यामुळं चुगलखोरांची गरज पडत नाही. मी त्यावर कधी रागावले नाही. राग राखून ठेवायला मला दुसरी बरीच ठिकाणं होती.

मी साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आमचा कारखाना सातारा आणि सांगलीच्या शिवेवर, कृष्णेकाठच्या काळ्या रानात आहे. चारी बाजूंनी ऊस. मी मात्र उसातली नव्हे. माझं माहेर आटपाडीच्या पलीकडं, कुसळांच्या आणि बाभळींच्या मुलखात. घरी मेंढरं. आजा मेंढरांमागं फिरला, वडील फिरले, आणि मी कराडला जाऊन इंजिनिअरिंग शिकले, मग सुरक्षेचा डिप्लोमा केला. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं, "नेमकं करायचं काय तिथं?" मी सांगितलं, माणसांना काही होऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं. ते म्हणाले, "म्हंजे राखणच की गं. मग त्येला एवढं शिकाय कशाला लागतंय?" त्यांच्या मते मी घराण्याचाच धंदा पुढं चालवत होते, फक्त मेंढरं तेवढी ऐकणारी नव्हती.

राखणीतली सगळ्यात वाईट जागा म्हणजे गव्हाण. ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॉलीतला ऊस ज्या लांबलचक लोखंडी हौदात पडतो ती गव्हाण. तिच्या तळाला जाड साखळ्यांचा पट्टा सरकत असतो, तो ऊस ओढून पुढं पात्यांकडं आणि पात्यांकडून गिरणीकडं नेतो. ऊस सरळ जात असतो तोवर बरं असतं. पण ऊस कुठं आडवा पडतो, ढीग तुंबतो, मग काठावर उभं राहून लांब आकड्यानं तो मोकळा करावा लागतो. हे काम करणारी माणसं काठावरून वाकतात. आणि त्या प्रत्येकाच्या गळ्यात टॉवेल असतो.

टॉवेल का, हे मला कुणी समजावायला नको होतं. भुसा आणि पाचटाची कुसं मानेवरून सदऱ्यात उतरली की अंगाची आग होते. शिवाय घाम पुसायला टॉवेल, डोक्याला गुंडाळायला टॉवेल, भाकरी बांधायला टॉवेल. या भागात गडी घराबाहेर पडला की खांद्यावर टॉवेल असतोच, तो नसेल तर लोक विचारतात, "का रं गड्या, बरं न्हाई का?" पण लोंबता टॉवेल आणि फिरती साखळी यांची गाठ पडली तर मधे माणूस असतो, ही साधी गोष्ट मी जाईन तिथं सांगत असे. म्हणून टॉवेलबाई.

गव्हाणीवरच्या पहिल्या पाळीचा जो मुकादम होता, त्याला सगळे मामा म्हणत, मीही म्हणे. उंच, कमी बोलणारा, मिशीला अजून मेंदी लावणारा माणूस. त्याचं आयुष्य गव्हाणीवर गेलं होतं. आधल्या सीझनमध्ये एका दुपारी तो असाच वाकला आणि त्याच्या टॉवेलाचं टोक साखळीत गेलं. साखळीनं टॉवेल ओढला, टॉवेलानं मान ओढली. मामा काठावर आडवा झाला, डोकं गव्हाणीच्या आत. आणि टॉवेल टरकन फाटला. तो इतका जुना, इतका विरलेला होता की त्याच्यात माणूस ओढून न्यायचा जोर उरला नव्हता. मामाच्या घरी दिवाळीला नवीन टॉवेल आणायचा राहिला होता, म्हणून आमचा मुकादम वाचला. त्याच्या गळ्याभोवती एका बाजूनं लाल वळ उठला, तो पुढं काळा पडला आणि तसाच राहिला.

मी पोचले तेव्हा तो पायरीवर बसून पाणी पीत होता. उलट तोच माझी समजूत काढत होता. "आवं, काय झालं न्हाई. टॉवेलानं वाचवलं बगा."

"टॉवेलानं वाचवलं? मामा, टॉवेल नसता तर अडकलंच नसतं!"

"आनि फाटला नसता तर?" तो शांतपणे म्हणाला. या बोलण्याला सुरुवात आणि शेवट नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं.

त्यानंतर मी कारखान्याला सुखानं जगू दिलं नाही. साखळी जिथं चाकावरून फिरते तिथं जाळ्या बसवल्या. काठाच्या कडेनं एक दोरी लावली, कुठूनही ओढली की पट्टा जागीच थांबतो. पण गव्हाणीचं तोंड झाकता येत नाही, ऊस तिथूनच पडतो आणि माणूस तिथंच वाकतो. म्हणजे टॉवेलाचा प्रश्न जिथल्या तिथं. तरी सुरक्षेच्या स्पर्धेला अर्ज केला तेव्हा मी मामाचा अपघात पहिल्याच पानावर लिहिला. ऑफिसातले म्हणाले, मॅडम, हे लिहून कुठं बक्षीस मिळतं का? मी म्हटलं, हे न लिहिता मिळालं तर ते तुम्हीच घ्या. तपासायला आलेल्या साहेबांनी जाळ्या पाहिल्या, दोरी स्वतः ओढून पाहिली, मामाच्या गळ्याकडं पाहिलं. आणि बक्षीस आम्हाला मिळालं. मी फुशारून गेले होते, आणि त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. मेहनत केली होती.

कारखान्यानं गावकऱ्यांसह मोठा कार्यक्रम ठेवला. गव्हाणीवरच्या माणसांचा सत्कार करायचा हे माझंच म्हणणं होतं. सत्कारात काय द्यायचं हे मात्र कुणी विचारलं नाही, कारण ते विचारायची आमच्याकडं पद्धतच नाही, ते ठरलेलं असतं. मी ट्रॉफी हातात धरून व्यासपीठावर उभी होते. ताटं आली. ताटात नारळ, टोपी आणि टॉवेल. घडी न मोडलेले, जाडजूड, पांढरेशुभ्र नवे टॉवेल. लोंबत्या टॉवेलापासून माणसं वाचवल्याबद्दल मिळालेल्या बक्षिसाचा सत्कार आम्ही टॉवेल-टोपी देऊन करत होतो!

मला आधी हसू आलं. मग चेअरमननी स्वतःच्या हातांनी मामाच्या गळ्यात तो टॉवेल घातला. खाली बायकांच्या बाजूला मामाची बायको पदर तोंडाला लावून रडत होती. मामानं टॉवेलाची दोन्ही टोकं हातात धरून त्या जाड विणीवरून अंगठा फिरवला. मला एवढंच दिसत होतं की हा फाटणार नाही.

दुरुस्तीचे दिवस सुरू झाले, पावसाळा सरत आला, आणि मामा तो टॉवेल घालून कामावर यायला लागला. मामाचा येणारा सीझन शेवटचा होता, उन्हाळा लागला की तो निवृत्त होणार होता. पहिल्या पाळीच्या मुकादमानं घातला म्हणून बाकीच्यांनीही आपापले सत्काराचे टॉवेल बाहेर काढले. बघता बघता सगळी गव्हाण पांढरी झाली. मी माझ्यापुरतं एक ठरवून टाकलं. या माणसाला उन्हाळ्यात स्वतःच्या पायानं गेटबाहेर जाताना मला बघायचं आहे. बाकी बक्षिसं, फोटो, कपाटातली ट्रॉफी, सगळं त्याच्या नंतर.

पहिला उपाय म्हणून प्रशिक्षण ठेवलं. हॉलमधलं नव्हे. हॉलमध्ये पंखे लावून पडद्यावर चित्रं दाखवली की आमची माणसं पोटभर झोपतात, हे मला अनुभवानं माहीत होतं. मी रानातून एक बुजगावणं आणलं, त्याला कारखान्याचा गणवेश घातला आणि साखळीची चाचणी होती त्या दिवशी सगळ्यांना गव्हाणीपाशी बोलावलं. आधी बुजगावण्याच्या गळ्यात विरलेला टॉवेल घालून टोक साखळीत सोडलं. टॉवेल फाटला, बुजगावणं काठावर राहिलं. माणसं हसली, कुणीतरी शिट्टी मारली. मग मी स्टोअरमध्ये उरलेला सत्काराचा नवा टॉवेल घातला. साखळीनं टोक पकडलं आणि बुजगावणं उभंच्या उभं आत गेलं. मी दोरी ओढली तेव्हा बाहेर फक्त एक बाही होती. कुणी हसलं नाही.

मी मामाकडं पाहिलं. तो मिशीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "बुजगावन्याला अक्कल नसती, म्याडम."

त्या दिवशी मला मामाचा असा राग आला की सांगता सोय नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला गाठलंच. "मामा, तुम्हाला हवंय काय? मानेला कुसं लागतात, हेच ना? त्याला मी दुसरं काही देते."

"कुसाचं न्हाई ओ." त्यानं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माज्या बाला कुनी कवा टॉवेल घातला न्हाई. मला बी कुनी घातला नव्हता. चेअरमननी समद्या गावाम्होरं घातलाय. त्यो मी काडून खाली ठेवू? घरात बायकू काय म्हनंल?"

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या गोष्टीशी भांडत होते. एवढे दिवस मी कापडाशी भांडत होते, आणि मामाच्या गळ्यात कापड नव्हतंच, मान होता. आमच्याकडं दिलेला मान जाहीरपणे उतरवणं म्हणजे काय असतं ते मेंढक्याच्या पोरीला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या डोक्यावरचा लाल पटका मी दिवसाउजेडी सहसा उतरलेला पाहिलेला नाही. उतरलेला पाहिला तो कुणी गेलं तेव्हा. आणि आणखी एकदा.

तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आमचं एक कोकरू रानातल्या कोरड्या विहिरीत पडलं. वडील दोर धरून उतरायला निघाले. काठावर आल्यावर त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, दोन्ही हातांनी माझ्या पुढं धरला आणि म्हणाले, "हे धर. खाली ठिवू नगंस." मी तो पटका छातीशी धरून उन्हात उभी राहिले. नाकाला मुंगी चावली तरी हात हलवला नाही. वडील कोकरू घेऊन वर आले, आधी माझ्या हातातून पटका घेऊन बांधला, मग पाणी प्याले. त्या दिवशी वडिलांचा मान कुठंही गेला नव्हता, तो माझ्याजवळ होता. उलट माझाच मान वाढला होता, गावभर मी सांगत फिरले होते.

या आठवणीसरशी मी थेट चेअरमनच्या केबिनमध्ये गेले. चेअरमन म्हणजे आमच्या भागातले जुने बागायतदार, तरुणपणी लष्करात होते, माणूस करडा पण ऐकून घेणारा. मी त्यांना सांगितलं, मोळीच्या दिवशी तुम्ही गव्हाणीवर जाल तेव्हा फेटा आणि उपरणं खाली ठेवावं लागेल.

मोळी म्हणजे आमच्या गळीत हंगामाची सुरुवात. त्या दिवशी चेअरमन, संचालक, पाहुणे सगळे फेटे बांधून, खांद्यावर उपरणी टाकून गव्हाणीच्या काठावर जातात, पूजा होते, आणि उसाची पहिली मोळी चालत्या पट्ट्यावर टाकतात. फेट्याचा शेमला पाठीवर रुळत असतो, उपरण्याची टोकं वाऱ्यावर. आणि आजूबाजूला दाटीवाटीनं कामगार उभे राहून बघत असतात, पाहुण्यांना चालतं ते आपल्याला का चालत नाही.

चेअरमन खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, तुम्ही मला समद्या तालुक्याम्होरं फेटा उतरवाय सांगताय?"

"हो साहेब."

"लोक काय म्हणतील, याचा काय विचार केला का?"

"केला. लोक म्हणतील, नियम सगळ्यांना सारखा आहे. आता म्हणतात, नियम गरिबाला आहे."

ते जरा तापले. मीही तापलेलीच होते, त्यामुळं आवाज खाली यायला तयार नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही सीमेवर होतात तेव्हा लोखंडी टोपी डोक्यावर घालताना फेटा कुठं ठेवत होता? लाज वाटत होती का तेव्हा?" एवढं बोलून गेल्यावर मला वाटलं, आता नोकरी गेली. मग मी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली, पटका धरून उभ्या राहिलेल्या पोरीची. आणि शेवटी सांगितलं, "मामाच्या गळ्यात टॉवेल तुम्ही घातलाय. तो मला काढता येणार नाही, त्यालाही काढता येणार नाही. तुम्हालाच काढावा लागेल."

चेअरमननी चष्मा काढून पुसला. "बघू," म्हणाले. आमच्या भागात 'बघू' याचा अर्थ होही होतो, नाहीही होतो, आणि बहुतेकदा नाहीच होतो.

तोवर मी गप्प बसले नव्हते. कराडच्या बाजारात एका शिंप्याकडं बसून मी टोप्या शिवून घेतल्या. हेल्मेटच्या खाली घालायच्या, मागं मान झाकणारी झालर, आणि ती झालर टोपीला, बुटाला असते तसल्या चिकटपट्टीनं जोडलेली. जोरात ओढ बसली की झालर सुटून हातात यावी अशी. शिंप्यानं विचारलं, "सुटनारी शिवायची? ताई, लोक न सुटनारी मागत्यात." मी म्हटलं, सुटली पाहिजे, तिच्यासाठीच तर पैसे देते. आणि गव्हाणीच्या जिन्याच्या तळाशी भिंतीवर सुताराकडून लाकडी खुंट्या ठोकून घेतल्या, देवघरातल्यासारख्या घासूनपुसून, वर पांढरी पट्टी रंगवलेली. टॉवेल खाली पडणार नाही, खुंटीवर राहील. घरात पाहुण्याचा फेटा आपण खुंटीवरच ठेवतो.

मोळीचा दिवस आला. हलगी कडाडत होती, ताशा होता, ऑफिसपुढं फेटे बांधणाऱ्याची तारांबळ चालली होती. मी जिन्याच्या तळाशी हेल्मेटचा ढीग घेऊन उभी होते. वर काठावर मामा मोळी घेऊन उभा होता, कारण चेअरमनच्या हातात मोळी द्यायचा मान पहिल्या पाळीच्या मुकादमाचा. हेल्मेट त्यानं घातलं होतं. गळ्यात मात्र टॉवेल, धुवून निळीत काढलेला. त्याच्या खाली पट्टा चालू झाला होता.

मिरवणूक जिन्यापाशी आली. चेअरमनच्या डोक्यावर केशरी फेटा, शेमला पार कमरेपर्यंत. मी वाटेत उभी राहिले. मागून एक संचालक म्हणाले, "मॅडम, व्हा बाजूला. शुभ कामाला काय बोडक्यानं जायचं?"

"बोडक्यानं कशाला? हेल्मेट आहे की," मी म्हटलं. ते काही बोलणार होते, तेवढ्यात चेअरमननी हात वर केला. हलगी आपोआप थांबली.

त्यांनी आधी उपरणं काढलं. मग दोन्ही हात वर नेऊन फेटा उचलला, न सोडता, जसाच्या तसा. खालून दबलेले पांढरे केस निघाले आणि आमचे चेअरमन क्षणभर कुणाच्याही घरातल्या थकल्या म्हाताऱ्यासारखे दिसले. त्यांनी फेटा माझ्या पुढं धरला.

"धरा मॅडम," ते म्हणाले. "खाली ठेवू नका."

मी फेटा छातीशी धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, त्यामुळं सगळ्या तालुक्यानं ते पाहिलं. चेअरमननी हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा आवळला आणि जिना चढून वर गेले. मामानं मोळी पुढं केली. चेअरमननी मोळी घेतली नाही.

"मुकादम, आधी तुमचा टॉवेल माझ्याकडं द्या."

मामा गडबडला. "सायेब, तुमीच घातला व्हता न्हवं..."

"म्हणून तर मीच मागतोय. दुसऱ्यानं मागितला तर देऊ नका."

मामाच्या हातात मोळी होती, त्यामुळं त्याला हात उचलता येईना. तो फक्त वाकला. पण गव्हाणीकडं नाही, चेअरमनकडं. त्यांनी त्याच्या गळ्यातून टॉवेल काढला, घडी घातली आणि स्वतःच्या हातावर ठेवली. मामाच्या गळ्यावरचा तो काळा वळ सगळ्यांना दिसला. मग त्यांनी मोळी घेऊन टाकली, पट्ट्यानं ती ओढून नेली, हलगी पुन्हा कडाडली. चेअरमन खाली आले आणि पहिल्या खुंटीवर त्यांनी मामाचा टॉवेल स्वतः टांगला. त्याच्यानंतरच माझ्याकडून फेटा घेतला.

मागच्या संचालकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वर चढण्याआधी तेही एकेक करत फेटे उतरवायला लागले. मी एवढे फेटे कुठं धरणार? मी कामगारांना हाक मारली, "या रे, धरा एकेक, आणि खाली ठेवलात तर बघा!" गव्हाणीवरची माणसं पुढं आली आणि संचालकांचे फेटे दोन्ही हातांत धरून रांगेनं उभी राहिली. त्या दिवसाचा फोटो माझ्या ऑफिसात आहे. ट्रॉफीच्या पुढं ठेवलेला आहे, त्यामुळं ट्रॉफी नीट दिसत नाही.

त्या सीझनमध्ये प्रत्येक पाळीला खुंट्या भरलेल्या असत. कुणी नवा माणूस टॉवेलासकट जिना चढायला लागला की मला ओरडावं लागत नसे, वरून मामाच ओरडायचा. "ए गड्या, चेअरमनपरीस मोटा झालास काय रं?" टोप्यांवर मात्र सगळे हसले. झालरीला त्यांनी 'नवरीचा पदर' असं नाव ठेवलं. हसूनहसून घातल्या, पण घातल्या.

सीझन अर्धा सरला असेल. ओला ऊस येत होता, गव्हाण सारखी तुंबत होती. एका दुपारी मामा माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, आणि टेबलावर टोपी ठेवली. टोपीला झालर नव्हती. चिकटपट्टीची रिकामी कड तेवढी होती.

"दुसरी द्या," तो म्हणाला.

"झालर कुठाय?"

"गेली." त्यानं बोटानं पुढं, गिरणीच्या दिशेनं दाखवलं. "वाकलो, आनि गेली. कळलं बी न्हाई."

मी कपाटातून दुसरी टोपी काढून दिली. ती त्यानं तिथंच डोक्यावर बसवली, झालर दोनदा हातानं ओढून सुटते का ते पाहिलं, परत चिकटवली आणि कामावर गेला. तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडले. आनंदानं रडत होते की भीतीनं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मग उठून तोंड धुतलं आणि दोरी बरोबर काम करते का ते पाहायला गव्हाणीवर गेले.

उन्हं तापायला लागली, ऊस संपला, गव्हाण थांबली. मामाचा निरोप समारंभ झाला. या वेळी सत्काराच्या ताटात काय ठेवायचं ते मला विचारायला ऑफिसातून माणूस आला. मी म्हटलं, जे द्यायचं ते द्या, आता त्याला घरी जायचंय. चेअरमननी मामाला फेटा बांधला. भाषणं झाली. मामाला बोलायला सांगितलं तर तो, "समदं बरं झालं," एवढंच म्हणून खाली बसला.

कार्यक्रम संपल्यावर तो मला म्हणाला, "म्याडम, जरा चला की." त्याची बायकोही बरोबर होती. आम्ही गव्हाणीच्या जिन्यापाशी गेलो. पहिल्या खुंटीवर त्याचा टॉवेल होता. त्यानं तो काढला, दोन हातांत धरून झटकला, सीझनभराचा भुसा उडाला. मग उजेडाकडं धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्याहाळला.

"नवाच ऱ्हायला की गं," तो बायकोला म्हणाला.

तिनं त्याच्या हातातून टॉवेल घेतला, नीट घडी केली आणि आपल्या हातानं त्याच्या गळ्यात घातला, तो काळा वळ झाकला जाईल असा. आम्ही गेटकडं निघालो. गेटवरच्या वॉचमननं मामाला पाहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खुंटीची आठवण द्यायच्या सीझनभराच्या सवयीनं तो ओरडला, "मामा, टॉवेल!"

मामा थबकला. हात गळ्याकडं गेला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काय म्याडम? घालून जाऊ का काडू?"

"आता काढलात तर बघा," मी म्हटलं.

तो हसला आणि टॉवेलाची दोन्ही टोकं वाऱ्यावर लोंबत सोडून, स्वतःच्या पायानं, गेटबाहेर गेला.